कोणता सेन्सर कुठे? बॉनेट उघडून ओळखायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०१४ ची डिझेल एसयूव्ही, इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. खंबाटकी चढताना गरम झाली की बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. एका गॅरेजने क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेन्सर सांगितला, दुसऱ्याने रेल (इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणारा सामाईक पाइप) प्रेशर सेन्सर, तिसरा म्हणाला सगळेच बदलून टाकू. तुम्हाला हवंय ते हे, की बॉनेट उघडल्यावर कोणता सेन्सर कोणता ते स्वतःला ओळखता यावं.

ओळखता येतं, आणि प्रत्येक मालकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुण्यात डिझेल गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांवर दोन-तीन नवेकोरे सेन्सर आधीच बसवलेले असतात आणि तक्रार मात्र तशीच असते. सेन्सर ओळखायच्या आधीच पाना लागला, की असं होतं.

इंजिनाचा नकाशा पाठ करू नका, कारण तो प्रत्येक मॉडेलला बदलतो. त्याऐवजी तो सेन्सर काय मोजतो हे धरा. जे मोजायचं ते जिथे असतं, तिथेच सेन्सर बसवावा लागतो. कूलंटचं तापमान हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या आसपास. हवेचं वजन एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच. टर्बोचा दाब इनटेक मॅनिफोल्डवर किंवा इंटरकूलरकडून येणाऱ्या पाइपवर. क्रँकचा वेग क्रँकच्या एका टोकाला. एवढं डोक्यात असलं की नव्या गाडीवरही शोधायची जागा दोन-चार हातांपुरतीच उरते.

दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. पहिली, डावं-उजवं ड्रायव्हर सीटवर बसून. मॅन्युअलमध्ये ‘इंजिनाच्या डावीकडे’ लिहिलेलं असतं आणि आपण बॉनेटसमोर उभे राहून उलटी बाजू शोधत बसतो. दुसरी, फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, कुठे आहे ते बघा. तुमच्यासारख्या उभ्या इंजिनात ते मागे, केबिनच्या पत्र्याकडे असतं. आडव्या इंजिनाच्या गाडीत ते गिअरबॉक्सच्या बाजूला असतं, बहुतेक वेळा बॅटरीच्या खालच्या अंगाला.

आता कपलरच्या, म्हणजे सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगच्या, पिना मोजा. सेन्सरची जात ओळखायला याहून सोपा मार्ग नाही. एकच वायर असेल तर बहुधा तो सेन्सर नसून स्विच असतो. ऑइल फिल्टरजवळचा ऑइल प्रेशर स्विच हे त्याचं नेहमीचं उदाहरण. हेडमध्ये ओळीने बसलेले एका वायरचे ग्लो प्लग हेसुद्धा सेन्सर नव्हेत. दोन पिना असतील तर तापमानाचा सेन्सर, किंवा जुन्या पद्धतीचा इंडक्टिव्ह क्रँक सेन्सर. तीन पिना म्हणजे पाच व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल. दाबाचे आणि हॉल पद्धतीचे (आत चुंबकक्षेत्र ओळखणारी चिप असलेले) सेन्सर या गटात येतात. चार पिनांचा दाबाचा सेन्सर दिसला तर त्याच डब्यात हवेचं तापमान मोजणारा भागही आहे असं समजा. हवेच्या वजनाच्या सेन्सरला, ज्याला सगळे एमएएफ म्हणतात, बहुधा चार किंवा पाच पिना असतात. ईजीआर व्हॉल्व्हच्या (जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या) कपलरला पाच असतील तर दोन मोटरच्या आणि तीन तिच्या जागेचा सिग्नल देणाऱ्या.

दोन पिनांच्या बाबतीत मात्र सावध राहा. हेडवर एकसारखे दिसणारे चार कपलर असतात ते इंजेक्टरचे. चालू इंजिनावर त्यांना मीटर लावू नका, तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं. आणि कॉमन रेलवर तर बऱ्याच इंजिनांत दोन कपलर असतात. तीन पिनांचा तो प्रेशर सेन्सर. दोन पिनांचा तो प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, जो काही इंजिनांत रेलवर नसून पंपावर असतो. ‘रेल सेन्सर’ म्हणून व्हॉल्व्ह बदललेला आणि व्हॉल्व्ह म्हणून सेन्सर बदललेला, असे दोन्ही प्रकार मी पाहिलेत. दोन्ही भाग महाग आहेत, म्हणून पिना मोजल्याशिवाय बिलाला होकार देऊ नका.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. तुमच्या तक्रारीत क्रँक आणि रेल प्रेशर हे दोनच सेन्सर खरे संशयित आहेत आणि त्यांच्यातला फरक गाडी बंद पडलेली असतानाच कळतो. गार झाल्यावर गॅरेजला नेलीत तर सगळं ठीकच दिसणार.

क्रँक सेन्सर उभ्या इंजिनात बहुधा बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, फ्लायव्हीलभोवतीचं कव्हर) असतो, फ्लायव्हीलच्या दातांकडे तोंड करून. काही इंजिनांत तो पुढे, क्रँक पुलीच्या मागे असतो. बोटाएवढा प्लास्टिकचा किंवा धातूचा तुकडा, एकाच बोल्टने धरलेला. बॉनेटमधून तो दिसत नाही, इंजिनाच्या मागे हात घालून किंवा खालून बघावा लागतो. त्याच्यासमोर फिरणाऱ्या चाकावर, बॉशच्या पद्धतीत, साठ दातांची विभागणी असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं. सेन्सरचं टोक आणि दात यांच्यात जेमतेम एखाद्या मिलिमीटरचं अंतर असतं. म्हणून त्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला किंवा सेन्सर नीट न बसता तिरका राहिला, तरी सिग्नल बिघडतो.

इंडक्टिव्ह प्रकारात आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तार कुठेतरी चिरलेली असली की गरम झाल्यावर फाकते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. हॉल प्रकारातही आतला इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने अशीच दगाबाजी करतो. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू ही लक्षणं म्हणूनच क्रँक सेन्सरकडे बोट दाखवतात. पण बोट दाखवणं म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा असा मिळतो. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा) घ्या, मोबाइलला जोडायचा चालेल, फक्त तो चालू आकडे दाखवणारा हवा. नुसते दोषाचे कोड वाचणारा पुरेसा नाही. सोळा पिनांचं सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतं. तिथे हात घालताना पिवळ्या रंगाच्या कपलरना धक्का लावू नका, ते एअरबॅगचे असतात. गाडी बंद पडली की बाजूला सुरक्षित लावा, स्कॅनरवर इंजिनाचे आरपीएम आणि रेल प्रेशर असे दोनच आकडे उघडा, आणि सेल्फ मारा. इंजिन फिरतंय हे कानाला कळतंय, तरी आरपीएम शून्य दाखवतोय, तर दोष क्रँक सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. आरपीएम दोनशे-अडीचशे दिसतोय, पण रेल प्रेशर साधारण २०० बारच्या आसपासही पोचत नाही, तर दोष डिझेलच्या बाजूला. या एका चाचणीने तीन गॅरेजमधला वाद मिटतो, आणि ती तुम्ही खंबाटकीच्या कडेला उभे राहून करू शकता.

दुसरी शक्यता निघाली तरी रेल सेन्सर बदलायला धावू नका. पी ००८७ असा कोड आला की त्याचा अर्थ रेलमध्ये दाब कमी आहे. सेन्सर ती बातमी देतोय, तो स्वतः बिघडला आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तुंबलेलं डिझेल फिल्टर, टाकीकडून हवा ओढणारा पाइप, गरम झाल्यावर जास्त डिझेल परत सोडणारे इंजेक्टर, पंपावरचा व्हॉल्व्ह, असे चार-पाच धनी त्यामागे असू शकतात. सेन्सरच्या सर्किटचा कोड वेगळा असतो, पी ०१९० आणि त्याच्या पुढचे. त्याची परीक्षा सोपी आहे. बंद इंजिन, चावी ऑन, रेलमधला दाब उतरलेला, तर सिग्नलच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. इंजिन आयडलला २५० ते ३५० बारवर चालतं तेव्हा तो एक व्होल्टच्या थोडा वर जातो. बंद इंजिनावर दोन व्होल्ट दिसले तर सेन्सर किंवा त्याची अर्थिंग खोटं बोलतेय.

इथे एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. चालू इंजिनावर रेलचा, पंपाचा किंवा इंजेक्टरचा कोणताही नट सैल करू नका. त्या दाबाची डिझेलची धार डोळ्याला दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रिया लागणारी असते. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. रेल सेन्सर कपलर काढून तपासायचा, सेन्सर फिरवून काढायचा नाही. त्याचं सीलिंग धातूवर धातू असतं, ते बसवायला टॉर्क पाना आणि धूळ नसलेली जागा लागते. हे काम डिझेल पंपाच्या कारागिरालाच द्या.

क्रँक सेन्सर ठरला, तर आधी तो कोणत्या जातीचा हे पाहा. दोन पिना असतील तर बाहेर काढलेल्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो. मॉडेलप्रमाणे काहीशे ओहमपासून हजाराच्या आसपास येतो. मग हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजा. आकडा थोडा वाढणं स्वाभाविक आहे, पण एकदम अनंतावर गेला तर तुमचा चोर सापडला. तीन पिना असल्या तरी घाईने हॉल म्हणू नका, काही इंडक्टिव्ह सेन्सरना तिसरी वायर नुसत्या शील्डची असते. हॉल सेन्सरच्या कपलरवर चावी ऑन केल्यावर एका पिनवर पुरे पाच किंवा बारा व्होल्ट मिळतात. आणि हॉल सेन्सर ओहममध्ये मोजायचाच नसतो, त्यातून काहीही सिद्ध होत नाही. तो जागेवर ठेवून, सेल्फ मारताना सिग्नलवर मीटर लावून बघायचा. पाच व्होल्टचा सिग्नल असेल तर मीटर सरासरी दाखवतं, म्हणजे आकडा अडीच व्होल्टच्या आजूबाजूला हलतो. शून्यावर किंवा पाचवर थिजून राहिला तर दोष आहे.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सर वरच, टॅपेट कव्हरवर किंवा कॅमच्या गिअरशेजारी असतो. दिसायला क्रँक सेन्सरचा भाऊच, सहसा तीन पिनांचा. क्रँकचा पी ०३३५, कॅमचा पी ०३४०. पी ००१६ आला तर मात्र सेन्सर विकत घेऊ नका. क्रँक आणि कॅम यांचा आपसातला मेळ चुकला आहे असं तो सांगतो, आणि त्यामागे ताणली गेलेली टायमिंग चेन असू शकते.

तापमानाचे सेन्सर ओळखायची एक पद्धत मला फार आवडते, कारण तिला मीटरही लागत नाही. स्कॅनरवर कूलंट, हवा आणि डिझेल यांचं तापमान उघडून ठेवा, चावी ऑन, इंजिन बंद. आता ज्याचा संशय आहे तो दोन पिनांचा कपलर काढा. ज्या आकड्याने उडी मारून उणे चाळीस दाखवलं, तो त्याचा सेन्सर. काही ईसीयू उणे चाळीसऐवजी आपला ठरलेला पर्यायी आकडा दाखवतात, पण तेव्हाही बदल होतो तो त्याच ओळीत. कपलर लावला की आकडा परत येतो. शंका उरली तर कोड बघा. कूलंटसाठी पी ०११८ म्हणजे सर्किट तुटलेलं, पी ०११७ म्हणजे शॉर्ट. कपलर काढून मुद्दाम आणलेले कोड नंतर पुसायला विसरू नका.

हेच तापमान रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पहिल्यांदा चावी फिरवताना बघा. सेल्फ मारायच्या आधी कूलंट, हवा आणि डिझेल, तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, दोन-चार अंशांच्या फरकाने. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात १२-१३ अंश असताना एखादा ३५ दाखवत असेल तर तो बिघडला आहे, भले त्याचा कोड आलेला नसो. मीटरने बघायचं तर या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. तापमान वाढलं की ओहम कमी.

दाबाच्या सेन्सरची अशीच एक फुकटातली परीक्षा पुणेकरांसाठी आहे. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून इथे आकडा ९४-९५ किलोपास्कल हवा. मुंबईत तोच १०१ च्या जवळ. महाबळेश्वर १३५० मीटरच्या वर, तिथे ८६ पर्यंत खाली येतो. पुण्यात बंद इंजिनावर १०१ दिसतोय हे पाहून ‘पुस्तकात असंच लिहिलंय’ म्हणणारे भेटतात. ते पुस्तक समुद्राकाठचं आहे. बऱ्याच ईसीयूमध्ये हवेचा दाब मोजणारा स्वतंत्र सेन्सर ईसीयूच्या डब्यातच असतो. स्कॅनरवर दोन्ही आकडे शेजारी ठेवा; बंद इंजिनावर त्यांच्यात चार-पाच किलोपास्कलचा फरक असेल तर एक जण चुकतोय. डिझेलमध्ये या सेन्सरच्या तोंडावर काजळीचा आणि तेलाचा चिखल बसतो, नुसत्या सफाईनेही तो पुष्कळदा सुधारतो.

एमएएफ शोधावा लागत नाही, एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपवर समोरच असतो. अंगावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो टर्बोकडे हवा. आतली पट्टी अतिशय नाजूक असते, तिला कापूस, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा किंवा कार्बोरेटर क्लीनर लावू नका. एमएएफसाठीच मिळणारा स्प्रे वापरा आणि पूर्ण वाळू द्या. डिझेल इंजिनात त्याचं मुख्य काम ईजीआर किती उघडायचा ते ठरवणं आणि धुरावर मर्यादा ठेवणं. त्यामुळे तो बिघडला तर पिकअप कमी होतो, काळा धूर येतो, पण चालती गाडी घाटात अचानक बंद पडायचं कारण तो सहसा नसतो. २.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात ईजीआर बंद असताना आयडलला प्रत्येक स्ट्रोकला साधारण ५०० मिलिग्रॅमच्या घरात हवा यायला हवी. ईजीआर उघडला की आकडा बराच खाली येतो.

सायलेन्सरच्या बाजूला तुमच्या गाडीत फार काही नसेल. पुण्यात बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१० पासून लागू होतं आणि त्या काळातल्या बहुतेक डिझेलना काजळीचं फिल्टर नव्हतं. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर तिथे तापमानाचे दोन-तीन सेन्सर आणि दोन रबरी नळ्या लागलेला एक दाबाचा सेन्सर भेटतो. त्या नळ्या आहेत म्हणजे तो फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा, दुसरा कुणी नाही. सेन्सर मरण्याआधी नळी फाटते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पाच व्होल्टच्या सामाईक वायरमुळे. ईसीयू एकाच पाच व्होल्टवर दोन-तीन सेन्सर चालवतो. त्यातला एक आत शॉर्ट झाला, किंवा त्याची वायर उंदराने कुरतडून बॉडीला टेकली, की बाकीचेही खोटे आकडे देतात आणि स्कॅनरवर चार सेन्सरचे कोड एकदम येतात. ‘सगळेच बदलू’ हा सल्ला इथूनच येतो. अशा वेळी एका कपलरवर पाच व्होल्ट मोजत ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून सुटे करा. ज्याला काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो दोषी. सगळे सुटे करूनही आले नाहीत, तर वायरिंग तपासा.

वायर तपासताना तिचं आवरण टाचणीने भोसकू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि काही महिन्यांत तांबं हिरवं होऊन तुटतं. कपलरच्या मागून, वायरीच्या रबरी बुचाशेजारून बारीक पिन सरकवा. सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरने पाणी मारून घेत असाल तर तेही थांबवा.

सेन्सर बदलायचाच ठरला तर जुना हातात घेऊन नाना पेठेत किंवा कंपनीच्या काउंटरवर जा, आणि त्याच्या अंगावरचा नंबर जुळवा. बॉशच्या डिझेलच्या बऱ्याच भागांचे नंबर ०२८१ ने सुरू होतात आणि शेवटच्या तीन आकड्यांनी फरक पडतो. दिसायला एक, बसायला एक, कपलरही तोच, पण मोजायची मर्यादा वेगळी, असे दाबाचे सेन्सर सर्रास मिळतात. गाडी सुरू होते, आणि महिनाभर पिकअपची तक्रार चालू राहते.

तुम्ही पुढच्या वेळी घाटात गाडी बंद पडली की आरपीएम आणि रेल प्रेशरचे आकडे सेल्फ मारताना मोबाइलवर रेकॉर्ड करा. सोबत कूलंटचं तापमान आणि बॅटरीचं व्होल्टेज टिपून ठेवा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी ती आणि अर्थिंगची पट्टी बघा, कारण तेवढ्या व्होल्टेजवर ईसीयूचेही आकडे भरवशाचे नसतात. हे चार आकडे मला पाठवा, मग नेमका कोणता भाग काढायचा ते सांगतो. तोवर एकही सेन्सर विकत घेऊ नका.